बायपासची जखम पिकली तर? खान्देशातल्या घरांमधून येणारे प्रश्न

मुंबईतल्या एका हृदयशस्त्रक्रिया विभागात मी अकरा वर्षं परिचारिका होते. आता जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी छोट्या दवाखान्यात ड्रेसिंगचं काम बघते. आपल्याकडची माणसं ऑपरेशनला नाशिक, मुंबई, पुणे, संभाजीनगरला जातात, नंदुरबारकडची बरीचशी सुरतला. आठ-दहा दिवसांनी एक जाड फाईल आणि गोळ्यांची पिशवी घेऊन परत येतात. त्यानंतर जखम बघणारं कोण, तर घरचे आणि आमच्यासारखे. तेच तेच प्रश्न रोज येतात, म्हणून एकदा लिहून काढले. तुमच्या सर्जनने फाईलवर काही वेगळं लिहिलं असेल, तर त्यांचंच ऐका. तुमची छाती त्यांनी आतून पाहिली आहे.

जंतुसंसर्ग झाला म्हणजे नेमका कुठे झाला?

बायपास किंवा व्हॉल्व्हच्या नेहमीच्या ऑपरेशनमध्ये छातीच्या मधोमध उभा छेद घेतात, छातीचं हाड करवतीने उभं चिरतात आणि काम आटोपलं की ते स्टीलच्या तारांनी बांधतात. तारा आतच राहतात. वरून एकच रेघ दिसते, पण खाली थर आहेत: आधी कातडी आणि चरबी, मग स्नायू आणि हाड, आणि हाडामागे हृदयाभोवतीची जागा. बायपासमध्ये शीर काढण्यासाठी पायावर, कधी हातावर, आणखी एक जखम असते.

वरच्या थरात पिकलं तर एखाद-दुसरा टाका उघडून, ड्रेसिंग करून, गोळ्या देऊन भागतं. हाडापर्यंत किंवा हाडामागे गेलं तर पुन्हा ऑपरेशन थिएटर. वरवरच्या संसर्गासाठी ३० दिवस आणि बायपासनंतरच्या खोल संसर्गासाठी ९० दिवस लक्ष ठेवायचं, असा नियम आहे. आपल्याकडे मात्र टाके निघाले की 'सुटलो बुवा' म्हणतात आणि तिसऱ्या आठवड्यात शेतात चक्कर मारून येतात.

जंतू बाहेरून उडत येतात असं लोकांना वाटतं. बहुतेक वेळा ते आपल्याच कातडीवरचे आणि नाकातले असतात. स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू यात सगळ्यात पुढे.

किती जणांना होतो? जीवावर बेततं का?

हाडापर्यंतचा खोल संसर्ग साधारण शंभरात एक ते तीन जणांना होतो. वरवरचा त्याहून जास्त जणांना. आकडा लहान दिसतो, पण ज्याला होतो त्याचं सगळं बदलतं. खोल संसर्ग झालेल्या दहांपैकी एक-दोन माणसं दगावतात, काही अहवालांत त्याहून जास्त. वाचतात त्यांचे आठवडेच्या आठवडे दवाखान्यात जातात, दोन-तीन वेळा भूल घ्यावी लागते, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि पुढची काही वर्षंही त्यांची तब्येत संसर्ग न झालेल्यांच्या मानाने नाजूक राहते. मी हे घाबरवायला लिहीत नाही. उलट, लवकर लक्षात आलं तर यातलं बरंच टळतं, आणि लवकर लक्षात येण्याची जागा तुमचं घर आहे.

घरी कसं ओळखायचं?

आधी वेळ लक्षात ठेवा. संसर्ग बहुधा दुसऱ्या आठवड्यात तोंड काढतो, म्हणजे माणूस घरी आल्यावर. डिस्चार्जच्या दिवशी जखम कोरडी होती म्हणून निर्धास्त राहू नका.

पारोळ्याकडचे एक आप्पा होते. बाराव्या दिवशी सूनबाई त्यांचा बनियन धूत होती. मधोमध रुपयाएवढा पिवळट डाग, कडेने वाळून कडक झालेला. आप्पा म्हणाले, औषधाचा डाग आहे. दुसऱ्या दिवशी परत तसाच. सूनबाईने बनियन धुतला नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून थेट माझ्यापुढे ठेवला. जखम वरून चांगली दिसत होती, फक्त खालच्या टोकाला टाचणीएवढं छिद्र, आणि बाजूला हलकं दाबलं की पू. त्याच रात्रीच्या गाडीने ते सर्जनकडे गेले. संसर्ग हाडापर्यंत पोचला नव्हता. त्या बाईने तो डाग धुऊन टाकला असता तर काय झालं असतं, ते मला माहीत आहे, कारण तशीही माणसं मी पाहिली आहेत.

तर बनियन, ब्लाउज, उशीचा अभ्रा रोज बघा. जखमेतून पू किंवा घाण वासाचं पाणी येणं, जखमेभोवती लाली पसरत जाणं, जागा गरम लागणं, टाक्यांमध्ये फट पडणं, १००.४ च्या वर ताप, थंडी वाजणं, ही खूण झाली. दुखणं आधी कमी होत आलं होतं आणि पुन्हा वाढायला लागलं, तर तीही. म्हातारी माणसं आणि शुगरवाले यांना कधीकधी ताप येतच नाही. ते नुसते मलूल होतात, जेवण सोडतात, शुगर कारण नसताना ३०० वर जाते. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाची खूण आवाजाची. कूस बदलताना, खोकताना छातीतून कटकट होणं, हाडाची दोन टोकं एकमेकांवर घासल्यासारखं वाटणं. आमच्याकडे एक नाना म्हणायचे, "छातीमा कटकट वाजस." घरच्यांनी हसून सोडून दिलं. तारांखालचं हाड हलत होतं. हाड हलणं आणि संसर्ग बऱ्याचदा जोडीने येतात. ही कटकट ऐकली की सर्जनला त्याच दिवशी कळवायचं, उद्यावर ढकलायचं नाही.

मग घाबरू नये अशा गोष्टी कोणत्या?

खाज सुटणं, कोरडी खपली, छातीची डावी बाजू बधिर वाटणं (छातीतली मॅमरी नावाची रक्तवाहिनी वापरली असेल तर हे हमखास), जखमेच्या वरच्या टोकाला छोटासा उंचवटा, खांदे आणि पाठ आखडणं. हे बहुतेकांना होतं. पायाच्या जखमेतून थोडं पाण्यासारखं पातळ येणंही दिसतं. पातळ आणि नितळ असेल तर फोनवर सांगून दोन दिवस बघता येतं. घट्ट, गढूळ किंवा वासाचं असेल तर थांबायचं नाही.

पू दिसला तर आधी कोणाला दाखवायचं? गावातल्या डॉक्टरांना की ऑपरेशनवाल्यांना?

फोन आधी ऑपरेशनवाल्यांना. जखम उघडून बघण्यासाठी तुम्ही गावातल्या डॉक्टरकडे नक्की जा, पण अँटिबायोटिक सुरू करण्याआधी दोघांचं बोलणं होऊ द्या.

याचं कारण सांगते. पू आला की त्याचा नमुना घेऊन कल्चर करतात. त्यात कोणता जंतू आहे आणि कोणतं औषध लागू पडेल ते दोन-तीन दिवसांत कळतं. आधीच इंजेक्शनं ठोकली तर नमुन्यात जंतू उगवतच नाहीत आणि सर्जन अंधारात तीर मारत बसतात. दुसरं म्हणजे वरवरचा पू दोन दिवस थांबतो, लोक खूश होतात, आणि आत हाडाशी काम चालूच राहतं.

हे माझ्या घरात घडलं आहे. माझ्या मामांना सतराव्या दिवशी जखमेतून पाणी यायला लागलं. जवळच्या एका दवाखान्यात रोज एक सलाईन, त्यात एक भारी इंजेक्शन, असं नऊ दिवस चाललं. नमुना कुणी घेतला नाही, सर्जनला फोन कुणी केला नाही, आणि मलाही कुणी सांगितलं नाही, कारण 'ती उगाच घाबरवते'. सव्विसाव्या दिवशी मामींनी व्हिडिओ पाठवला. मामा खोकत होते आणि जखमेच्या खालच्या टोकातून पू उसळून बाहेर येत होता. पुढे त्यांचे साडेसात आठवडे दवाखान्यात गेले. मामा आज आहेत, पण त्या नऊ दिवसांचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

इतक्या लांब लगेच जाणं जमत नसेल तर व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवा. उजेडात, दारात बसवून काढा. एक फोटो पूर्ण छातीचा, एक जवळून, शेजारी रुपयाचं नाणं धरून, म्हणजे आकार कळतो. फोटोबरोबर ऑपरेशनची तारीख, आजचा ताप आणि शुगर लिहा. 'सर, जखम बघा' एवढाच मेसेज रोज शंभर येतात त्यांना. ताप आणि थंडी, श्वासाला धाप, भळाभळा रक्त किंवा हाड हलणं यांपैकी काही असेल तर फोटोबिटो राहू द्या. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथे आधी सावरून घ्या, मग पुढे हलवा.

ऑपरेशन व्हायचंय अजून. आधीपासून काय करता येईल?

बरंच. आणि याच टप्प्यावर कुणी विचारत नाही.

विडी, सिगारेट, तंबाखू निदान महिनाभर आधी बंद. धुराने रक्तवाहिन्या आवळतात, हाडाला रक्त कमी मिळतं, आणि वर खोकल्याने टाक्यांना हिसके बसतात.

तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी (एचबीए१सी) करून घ्या. ती ७ च्या जवळपास असली तर सर्जनही निवांत. तातडीचं ऑपरेशन असेल तर तेवढा वेळ कोणी देत नाही, पण तारीख पुढची असेल तर हे दिवस वाया घालवू नका.

छातीवरचे केस गावात न्हाव्याकडून वस्तऱ्याने काढून जाऊ नका. बरीच पुरुष मंडळी 'तयार होऊन' जातात. वस्तऱ्याने कातडीवर बारीक बारीक चिरा पडतात आणि त्यात जंतू बसतात. केस काढायचेच असतील तर दवाखान्यात मशीनने, ऑपरेशनच्या तोंडावर काढतात.

काही ठिकाणी नाकातला नमुना घेतात. तीन-चार माणसांत एकाच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस मुक्कामाला असतो. तो सापडला तर म्युपिरोसिनचं मलम दोन्ही नाकपुड्यांत दिवसातून दोनदा, पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शनात हृदय आणि छातीच्या ऑपरेशनसाठी हे आवर्जून सांगितलं आहे. नाकात मलम आणि छातीचं ऑपरेशन, याचा काय संबंध म्हणून लोक ते लावतच नाहीत.

अंगावर गळू, नखुरडं, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या, किडलेली दाढ, लघवीची जळजळ असेल तर सांगा. लपवलं तर तारीख पुढे जात नाही हे खरं, पण जंतू तुमच्याबरोबर टेबलावर जातात.

डिस्चार्जच्या वेळी अँटिबायोटिक दिलंच नाही. विसरले का?

नाही. या ऑपरेशनमध्ये अँटिबायोटिकची खरी वेळ सुरी लागण्याआधीचा तास असते, म्हणजे कापताना ते रक्तात तयार असतं. त्यानंतर एक-दोन दिवसांत ते बंद करतात. पुढे आठवडाभर चालू ठेवल्याने जखम जास्त सुरक्षित होत नाही, जंतू मात्र निगरगट्ट होतात. तेव्हा मेडिकलवाल्याकडून 'जखम सुकायची गोळी' आणू नका.

शुगर किती ठेवायची? आखाजी तोंडावर आहे.

ऑपरेशनच्या सुमारास शुगर १८० च्या आत ठेवायला बघतात. घरी आल्यावरही निदान सहा आठवडे तेच धोरण ठेवा. जास्त शुगरमध्ये जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात. ऑपरेशनच्या धक्क्याने ज्याला आधी शुगर नव्हती त्याचीही वाढलेली दिसते, म्हणून 'मला कुठे शुगर आहे' म्हणणाऱ्यांनीही तपासावी.

आखाजीला लेकी माहेरी येतात, खापरावरचे मांडे होतात, आमरसाचं पातेलं मधोमध असतं, आणि आजारी माणसाला सगळे आग्रह करतात, कारण तो वाचला आहे. मागच्या वर्षी आखाजीनंतरच्या चार दिवसांत माझ्याकडे तीन जण आले. तिघांची शुगर ३०० च्या पुढे, एकाच्या पायाची जखम उघडलेली. आमरसाची एक लहान वाटी, जेवणातच, पोळी किंवा भात तेवढा कमी करून. मांडा चाखण्यापुरता. केळीचंही तेच. रावेर-यावलच्या माणसाला केळं बंद सांगितलं तर तो माझं बाकीचंही ऐकणार नाही, म्हणून मी 'अर्धं' म्हणते. किडनीचा त्रास असेल तर मात्र केळ्याबद्दल डॉक्टरांना विचारूनच.

भरीत खाल्लं तर जखम चिघळते का?

हा प्रश्न मला आठवड्यातून चार वेळा येतो. वांगं वाईट, बटाट्याने पू होतो, भाताने जखम ओली राहते, दह्याने सर्दी. एवढं सगळं बंद करून माणूस नुसत्या पेजेवर बसतो, आणि जखम भरायला जे लागतं तेच त्याला मिळत नाही. वांग्याने पू होत नाही. भरताला तेल किती घालता ते बघा, कारण आपल्याकडच्या भरतावर तेलाचा तवंग असतो आणि तो हृदयाला नको. मीठही बेतानं.

जखम भरायला प्रथिनं लागतात. डाळ, उसळ, दूध, दही, पनीर, शेंगदाणे मूठभर, चालत असेल त्याला अंड्याचा पांढरा भाग, मासे. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असतो, ती उत्तम. फौजदारी डाळ तिखट आणि फोडणी कमी करून चालेल. भूक नसेल तर थोडं थोडं, सहा वेळा द्या. एक जिजी नवऱ्याला दर दोन तासांनी अर्धी वाटी वरण पाजायच्या, घड्याळ लावून. त्यांची जखम मी बघितलेल्या सगळ्यात देखण्या जखमांपैकी एक होती.

आंघोळ कधी? आणि इथल्या उन्हाळ्याचं काय?

जखम कोरडी असेल आणि सर्जनने हो म्हटलं असेल तर साधा साबण आणि कोमट पाणी, अंगावर हळू ओतून. घासायचं नाही, स्वच्छ पंचाने टिपून घ्यायचं. पंचा जखमेसाठी वेगळा, रोज धुतलेला, उन्हात वाळवलेला. टपात बसणं, नदी, विहीर, पाटाचं पाणी जखम पूर्ण भरेपर्यंत बंद.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि घाम जखमेवर साचतो. सैल सुती बनियन दिवसातून दोन-तीनदा बदला. पावडर लावू नका, ती घामाबरोबर लगदा होऊन टाक्यांत बसते. कूलरसमोर झोपायला हरकत नाही, पण त्याचं पाणी बदलत चला आणि झोत थेट छातीवर नको.

हळद, तूप, कोरफड, राख?

काहीही नाही. कोरड्या जखमेला हवा पुरते, ओल्या जखमेला निर्जंतुक ड्रेसिंग. हळद आपल्या सगळ्यांच्या श्रद्धेचा विषय आहे हे मला कळतं, पण डब्यातल्या हळदीत चमच्याबरोबर काय काय जातं ते एकदा आठवून बघा. शिवाय पिवळ्या हळदीखाली पिवळा पू मला दिसत नाही. राख तर अजिबात नको.

बाईमाणसाला काही वेगळं सांभाळावं लागतं का?

लागतं, आणि हे बाया बोलत नाहीत. स्तनांच्या वजनाने छातीच्या जखमेची खालची बाजू दोन्हीकडे ओढली जाते. तिथेच टाका सुटतो, तिथेच घाम साचतो. पुढून उघडणारी, मऊ सुती, तार नसलेली आधार देणारी ब्रा दिवसरात्र घालायची, झोपतानाही. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायांनी आयुष्यात ब्रा घातलेली नसते. मग मी सुती ओढणीची घडी करून खालून आधार बांधायला शिकवते. स्तनाखालची घडी रोज कोरडी करून तिथे स्वच्छ सुती कापडाची पट्टी ठेवा. ड्रेसिंगला येताना पुढून उघडणारा ब्लाउज घाला, डोक्यावरून काढायचा कपडा नको. आणि पुरुष ड्रेसरपुढे संकोच वाटत असेल तर सिस्टरला बोलवा म्हणून सांगा. संकोचापायी दाखवायची राहिलेली जखम मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिली आहे.

पायाच्या जखमेकडे एवढं लक्ष द्यायची गरज आहे का? ती तर साधी आहे.

छातीपेक्षा पायाचीच जखम जास्त वेळा त्रास देते. जीवावर बेतत नाही, पण महिनाभर घरात बसवते. शीर काढल्यावर पायाला सूज येते, सुजेने टाके ताणतात. बसताना पाय स्टुलावर, झोपताना उशीवर, मांडी घालून किंवा पाय लोंबकळत बसू नका. सांगितलेले मोजे दिवसा घाला. अनवाणी अंगणात नको, गोठ्यात तर नकोच. दुर्बिणीने छोट्या छेदातून शीर काढली असेल तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. ती सोय सगळीकडे नसते, तरी विचारून बघा.

कामाला कधी लागायचं? गाडी, शेत, प्रवास?

हाड जुळायला सहा ते आठ आठवडे, नीट घट्ट व्हायला तीन महिने. तोवर चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. पाण्याने भरलेली बादली पंधरा किलोची असते. गॅसची टाकी, खताची गोणी, नातू, कशालाच सूट नाही. उठताना हातांवर रेटा देऊन उठू नका, कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग उठा. खोकला आला की चादरीची घडी छातीशी घट्ट धरा. छातीचा बेल्ट दिला असेल तर तो घालायचा, कपाटात ठेवायचा नाही. मोटरसायकल सर्जन हो म्हणेपर्यंत नाही. एसटीने जावंच लागलं तर मधली सीट, मागची नको.

भेटायला येणाऱ्यांना नाही कसं म्हणायचं?

म्हणता येत नाही, मला ठाऊक आहे. कानबाई श्रावणात बसते आणि रोट खायला सगळी भाऊबंदकी एका घरात असते. मग माणसाची खाट ओट्यावर हलवा, बैठकीत नको. सर्दी-खोकला, गळू, जुलाब असलेल्याने लांबूनच रामराम. कुणीही जखम 'बघू' म्हणत बनियन वर करायचा नाही. दाराशी साबण आणि पाण्याचा तांब्या ठेवा, घरातला लहान मुलगा हात धुवायला सांगायला उभा करा. लहान मुलाला कोणी नाही म्हणत नाही.

संसर्ग झाला म्हणजे दवाखान्याची चूक झाली का?

कधी होते, दर वेळी नाही. हात नीट न धुणं, अँटिबायोटिकची वेळ चुकणं, वस्तरा वापरणं या चुका आहेत आणि त्याबद्दल विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पण मधुमेह, लठ्ठपणा, विडी, दम्यासारखा जुना फुप्फुसाचा आजार, किडनी, तातडीचं किंवा लांबलेलं ऑपरेशन, रक्तस्रावामुळे छाती पुन्हा उघडावी लागणं, यांनी धोका वाढतोच. दोन्ही बाजूंच्या मॅमरी वापरल्या तर छातीच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून मधुमेही माणसात सर्जन ते दोनदा विचार करून ठरवतात. भांडण करायचंच असेल तर जखम भरल्यावर करा. संसर्ग झालेला माणूस रागाने दुसरीकडे नेला, की नव्या डॉक्टरला आत काय केलंय ते माहीत नसतं. नेलंच तर ऑपरेशनचा तपशील असलेला कागद मागून न्या, नुसता डिस्चार्ज कार्ड पुरत नाही.

खोल संसर्गावर उपचार काय करतात?

जखम उघडतात, मेलेला भाग काढतात, गरज असेल तर ताराही काढतात, नमुने कल्चरला पाठवतात. मग पुष्कळदा जखमेत स्पंज बसवून वरून प्लॅस्टिक चिकटवतात आणि नळीने मशीनला जोडतात. याला व्हॅक म्हणतात. मशीन सतत हलकं ओढत राहतं, घाण बाहेर येते, जखम आक्रसते. दर दोन-तीन दिवसांनी स्पंज बदलतात. नातेवाइकांना ते मशीन बघून धडकी भरते, पण रोज चार वेळा ड्रेसिंग बदलण्यापेक्षा रुग्णाला ते सुसह्य असतं. जखम स्वच्छ झाली की छातीचा स्नायू किंवा पोटातला चरबीचा पडदा सरकवून पोकळी भरतात, कारण रक्तपुरवठा असलेलं मांस तिथे नेलं की जंतूंना जागा उरत नाही. अँटिबायोटिक शिरेतून, बहुधा चार ते सहा आठवडे. मध्येच 'आता बरं वाटतंय' म्हणून सुट्टी मागू नका.

व्हॉल्व्ह बदललेल्यांनी काय जास्त बघायचं?

ताप. कृत्रिम व्हॉल्व्हवर जंतू बसले तर बाहेरची जखम कोरडीठाक असून आत आजार असतो. दोन दिवसांच्या वर ताप राहिला तर रक्ताचं कल्चर घेतल्याशिवाय अँटिबायोटिक नको. दात काढायचा असेल तर दातांच्या डॉक्टरला व्हॉल्व्हचं आधी सांगा, एक डोस आधी घ्यावा लागतो. अॅसिट्रॉम किंवा वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर काही अँटिबायोटिकांनी रक्त जास्त पातळ होतं, म्हणून आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ती तपासणी, लवकर करून घ्या. संधिवाताच्या तापाने व्हॉल्व्ह खराब झालेल्यांनी दर २१ दिवसांनी घ्यायचं पेनिड्युरचं (पेनिसिलिनचं) इंजेक्शन ऑपरेशननंतरही विचारल्याशिवाय थांबवू नये.

लहान मुलाच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय, त्याला उचलायचं कसं?

काखेत हात घालून नाही. एक हात मानेखाली, एक कुल्ल्याखाली, ओंजळीत उचलावं तसं. मुलांचं हाड मोठ्यांपेक्षा लवकर जुळतं, तरी सहा आठवडे हे पाळा. नखं कापून ठेवा, मुलं खपली ओरबाडतात.

पुन्हा भरती करायला लागलं तर पैशांचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन झालं असेल तर त्याच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी गाठा. रेशन कार्ड, आधार, डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. योजनेचा फोन १५५३८८. भरती करायची वेळ आली आणि कुणी 'आता योजनेत बसत नाही' म्हणालं, तर तोंडी मान्य करू नका, त्याच क्षणी त्या नंबरवर फोन लावा.

वर्ष होऊन गेलं आणि आता जखमेच्या रेघेवर पुटकुळी येते, फुटते, पुन्हा येते. याचा ऑपरेशनशी संबंध आहे?

बहुधा आहे. आतल्या एखाद्या तारेशी संसर्ग धरून राहिला की अशी बारीक वाट तयार होते. मलम लावून ती वर्षभर चालू ठेवू नका. सर्जनला दाखवून ती तार काढली की बऱ्याच वेळा प्रश्न मिटतो, हाड तोवर जुळलेलं असतं. जखम महिनोन्महिने भरत-फुटत राहिली आणि साध्या कल्चरमध्ये काहीच येत नसेल, तर क्षयाच्या कुळातले पण क्षयाचे नसलेले काही संथ जंतू असतात, त्यांचं कल्चर वेगळं सांगावं लागतं. तेव्हा नमुना देताना 'दोन-तीनदा काही आलं नाही' हे मुद्दाम सांगा, आणि जुने सगळे रिपोर्ट सोबत ठेवा.